उद्याचे ठेकेदार, कालचा हिशेब द्या!

एका अहवालाच्या हिशेबाने २०१३ साल सरता सरता मुंबई जागतिक दर्जाचे शहर व्हायची होती. तो मुहूर्त आज कोणाला आठवतो? विरार लोकलच्या दारात एका हातावर लोंबकळणाऱ्याला आठवत नाही. मानखुर्दला टँकरमागे हंडा घेऊन धावणाऱ्या बाईला आठवत नाही. आणि ज्यांनी तो मुहूर्त काढला त्यांना तर मुळीच आठवत नाही, कारण ते आता पुढच्या मुहूर्तात गुंतले आहेत.

२००३ साली ‘बॉम्बे फर्स्ट’ ही उद्योगपतींची संस्था आणि मॅकिन्सी ही सल्लागार कंपनी यांनी ‘व्हिजन मुंबई’ नावाचा अहवाल सरकारच्या हाती ठेवला. दहा वर्षांत कायापालट! निम्म्याहून अधिक मुंबई झोपडपट्टीत राहते, ते प्रमाण दहा-वीस टक्क्यांवर आणायचे. दोन लाख कोटी रुपये ओतायचे. शांघायचे नाव तेव्हा मंत्रालयात रामनामासारखे घेतले जाई. त्या नशेत सरकारने सर्वांत सोपे काम आधी उरकले. २००४ च्या डिसेंबरात बुलडोझर निघाले आणि दोन-तीन महिन्यांत ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या भुईसपाट झाल्या. झोपडपट्टीची टक्केवारी खाली आणायची होती ना? आणली. ऐन थंडीत लेकुरवाळ्या बायकांना उघड्यावर बसवून आणली.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ज्या मिठी नदीला आपण तोवर नाला म्हणत होतो, तिने आपले जुने नाव आणि जुनी जागा दोन्ही परत मागितली. माणसे मोटारींत गुदमरून मेली, गोठ्यांतल्या म्हशी दाव्यासकट बुडाल्या. देखण्या व्हिजनमध्ये हा दिवस नव्हता. पण तो कोणालाच दिसला नव्हता असे म्हणाल तर ते धादांत खोटे. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेनेच पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास करवून घेतला होता आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल हाती आला होता. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी ब्रिटिशांच्या वेळची गटारे तासाला ५० मिलिमीटरची करा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. खर्च सहाशे कोटींच्या घरात. तो परवडत नव्हता. बारा वर्षे तो अहवाल धूळ खात पडला आणि शहर बुडाल्यावर त्याच कामाला बाराशे कोटी मंजूर झाले. बैल गेला अन् झोपा केला, तोही दुप्पट भावाने!

गटारांच्या अहवालाला कोणी ‘व्हिजन’ म्हणत नाही. त्याचे प्रकाशन पंचतारांकित हॉटेलात होत नाही. त्याच्या लेखकाला परदेशी परिषदेत बीजभाषणाला बोलावत नाहीत. पण भविष्य त्यालाच दिसले होते.

‘व्हिजन मुंबई’ सल्लागारांची, आमचा तिच्याशी काय संबंध, असे म्हणून विद्यापीठांतले भविष्यपंडित हात झटकतील. फ्यूचर्स स्टडीज, स्ट्रॅटेजिक फोरसाइट अशी भारदस्त नावे लावून आज जगभर अध्यासने चालतात, पदव्या दिल्या जातात, नियतकालिके निघतात. हवाई, ह्यूस्टन, फिनलंडमधले तुर्कू, तैवानमधले तामकांग ही त्यांची मोठी पीठे. दूरचे एखादे साल गाठायचे, तिथे एक देखणे चित्र टांगायचे आणि तिथून उलटी पावले मोजत आजपर्यंत यायचे, ही रीत सल्लागारांना शिकवली कोणी? नाणी बाजारात खोटी ठरली तर टाकसाळीलाही जाब विचारायचा असतो.

या विद्येची जन्मपत्रिका एकदा मांडूनच टाकू. जन्मस्थळ कॅलिफोर्नियातले सांता मोनिका, काळ दुसऱ्या महायुद्धाच्या लगेच नंतरचा, घराचे नाव रँड, पाळण्याचा खर्च अमेरिकी हवाई दलाचा. त्या घरात हर्मन कान नावाचे गृहस्थ अणुयुद्धात किती कोटी माणसे मेली तर देश किती वर्षांत पुन्हा उभा राहील याची कोष्टके मांडत. १९६० साली त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. आज शिक्षणापासून आरोग्यापर्यंत सगळीकडे सोवळ्यात मिरवणारी डेल्फी पद्धत त्याच घरची. तिच्या पहिल्या प्रयोगात सात तज्ज्ञांना विचारले होते: सोव्हिएत नियोजकाच्या खुर्चीत बसा आणि सांगा, अमेरिकेचा शस्त्रांचा कारखाना मोडायला किती अणुबाँब लागतील? उत्तरे ५० पासून ५,००० पर्यंत आली. मग फेऱ्यांमागून फेऱ्या घेऊन ती जवळ जवळ आणली गेली. सात जणांचे एकमत झाले म्हणजे ते खरे झाले, असा हा न्याय! पद्धतीला नाव दिले ते पुजारिणीच्या अंगात येणाऱ्या ग्रीक देवस्थानाचे. निदान नाव तरी प्रामाणिकपणे निवडले होते.

जन्म कोणत्या घरात झाला यावरून कोणाला हिणवण्याची आमची रीत नाही. आमचा राग पुढच्या आयुष्यावर आहे. या पंडितांना विचारा, महाराज, तुमचे मागचे भाकीत काय झाले? उत्तर ठरलेले: “आम्ही भाकीत करतच नाही. आम्ही शक्यता मांडतो.” चार चित्रे काढायची. एकात वाढ, दुसऱ्यात पडझड, तिसऱ्यात शिस्त, चौथ्यात कायापालट. चारांतले एक ना एक कुठेतरी लागू पडणारच! मग पुढच्या परिषदेत त्याच एका चित्राला हार घालायचा आणि उरलेली तीन गुपचूप अडगळीत टाकायची. नाक्यावरचा पोपटवालासुद्धा एका गिऱ्हाइकाला एकच पाकीट काढून देतो हो! हवाई विद्यापीठातले जिम डेटर हे या क्षेत्रातले वडीलधारे. भविष्याविषयीचे उपयोगी विधान आज हास्यास्पद वाटले पाहिजे, हा त्यांचा नियम. मान्य आहे. पण त्या नियमाचा उलटा अर्थ लावून, हास्यास्पद ते सारे उपयोगी, अशा समजुतीवर किती जणांचे चरितार्थ चालले आहेत, याची मोजदाद त्यांच्या शिष्यांनी एकदा करावी.

आता बुलढाण्याकडे वळू. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मध्ये पाण्याची घागर, वर पापड, कुरडई, वडा, भोवती अठरा प्रकारची धान्ये. रात्रभर तिथे कोणी जायचे नाही. पहाटे दाणे कुठे सरकले, घागरीवरचे काय जागेवर राहिले हे पाहून पावसाचे आणि पिकाचे भाकीत सांगायचे: ज्वारी साधारण, कापूस मोघम, अमुक महिन्यात पाऊस. आमचा या घटमांडणीवर काडीचाही विश्वास नाही. डॉ. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात तो कोणाचाच असू नये. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. भेंडवळचे भाकीत त्याच वर्षाचे असते, ते भर शेतात, गावासमोर सांगितले जाते आणि दिवाळीत खळ्यावर बसून कोणीही शेतकरी विचारू शकतो, काय म्हणाला होतात आणि काय झाले? सांगणाराही त्याच पंचक्रोशीत राहतो. तोंड लपवायला त्याला जागा नाही. आमच्या फोरसाइटवाल्यांपेक्षा भेंडवळची घागर जास्त जबाबदार आहे, असे लिहिताना आम्हाला लाज वाटते. त्यांनाही वाटावी.

घागर नको असेल तर पुण्यातले हवामान खात्याचे सिमला ऑफिस घ्या. हवामान खात्यावर पुणेकरांनी जितके विनोद केले तितके सासूवरही केले नसतील. खाते पाऊस म्हणाले की छत्री घरी ठेवायची, हा तर ठरलेलाच. पण त्या खात्याचा २००२ चा किस्सा प्रत्येक भविष्यपंडिताने पाटीवर लिहून पाठ करावा. मोसमी पाऊस सरासरीच्या १०१ टक्के पडेल असा त्या वर्षीचा अंदाज होता. पडला ८१ टक्के. जुलै तर कोरडाच गेला, पेरण्या करपल्या. डॉ. वसंत गोवारीकरांच्या नावाने ओळखले जाणारे सोळा घटकांचे प्रारूप १९८८ पासून वापरात होते. वर्षामागून वर्षे त्याने लाज राखली होती आणि पंधराव्या वर्षी दगा दिला. तेव्हा खात्याने काय केले? “आम्ही भाकीत करत नाही, आम्ही पावसाच्या चार शक्यता मांडतो” असे म्हटले का? त्यांनी १०१ हा आकडा आधी छापला होता, त्यामुळे पळायला वाट नव्हती. चूक कबूल झाली, कारणमीमांसा झाली आणि २००३ मध्ये नवे प्रारूप आले. विज्ञान असे चालते. आकडा सांगायचा, तोंडावर आपटायचे, उठायचे, प्रारूप दुरुस्त करायचे. टक्क्यांत सांगितलेला अंदाज कितपत खरा ठरला हे मोजण्याचे गणित ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० सालीच लिहून ठेवले आहे. भविष्याभ्यासाच्या किती प्राध्यापकांनी स्वतःच्या आयुष्यभराच्या अंदाजांना ते लावून पाहिले?

दुसऱ्यांनी लावून पाहिले. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने राजकारण आणि अर्थकारण यांवर मतप्रदर्शन करून पोट भरणारे २८४ तज्ज्ञ गाठले, वीसएक वर्षे त्यांची हजारो भाकिते जमवली आणि २००५ साली निकाल लावला. बहुतेकांची मजल नुसत्या अंदाजपंचेच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. सर्वांत झोंबणारी गोष्ट पुढेच आहे: जो जितका प्रसिद्ध, जितका व्यासपीठांवर आणि पडद्यांवर दिसणारा, त्याचे भाकीत तितके अधिक फसवे! आपल्याकडे जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकरांनी २००८ मध्ये ज्योतिषांना दोनशे मुलांच्या पत्रिकांवर अशीच परीक्षा द्यायला लावली होती. नाणे उडवून जेवढे जमते तेवढेही ज्योतिषांना जमले नाही. तेव्हा विद्यापीठांतल्या पुरोगामी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तीच कसोटी आपल्या शेजारच्या खोलीतल्या फोरसाइट सेंटरला लावा, असे त्यांच्यापैकी एकानेही म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे असे का होते? माणसे मूर्ख आहेत म्हणून नव्हे. त्यांतली बरीच विलक्षण हुशार आहेत. या पेशाची बांधणीच तशी आहे. नवी पद्धत काढली, तिला इंग्रजी तीन अक्षरांचे नाव दिले, की शोधनिबंध छापून येतो. वीस वर्षांपूर्वीचा आपलाच अंदाज चुकला, तो का चुकला, यावर निबंध लिहिला तर पदोन्नती समितीपुढे तो दाखवायचीही सोय नाही. पैसा येतो तो ज्याला विशिष्ट उद्या हवा आहे त्याच्याकडून, आणि गिऱ्हाइकाला नको असलेला उद्या विकून कोणाचे दुकान चालते? सगळ्यात पक्की तजवीज मुदतीची. क्षितिज नेहमी लेखकाच्या निवृत्तीपलीकडे. पन्नाशीचा प्राध्यापक आज २०४७ चा आराखडा लिहितो. निकाल लागेल तेव्हा तो सत्तरी ओलांडून नातवंडे खेळवत असेल किंवा त्याच्या नावाची व्याख्यानमाला चालू असेल. आणि आज जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत बसलेली पोर तेव्हा ऐन उमेदीची बाई असेल. त्या आराखड्यात राहायचे तिला आहे. तिला कोणी विचारले?

या मंडळींचे आवडते कीर्तन म्हणजे शेल कंपनीचे आख्यान. पियर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेलटंचाईची चित्रे रंगवली, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरबांनी नळ बंद केला आणि शेल इतरांपेक्षा सावध निघाली. प्रत्येक वर्गात, प्रत्येक कार्यशाळेत हे आख्यान लागते. त्याचा उत्तररंग मात्र कोणी सांगत नाही. १९८८ साली त्याच कंपनीच्या अंतर्गत गोपनीय अहवालात तेल-कोळसा जाळल्याने पृथ्वी कशी तापेल हे नोंदवलेले होते. १९९१ मध्ये कंपनीने त्यावर चित्रपटही काढला. म्हणजे दृष्टी होती, चित्रे होती, पडद्यावर दाखवूनही झाली. आणि धंदा? तो तेलाचाच. गोपनीय अहवाल लोकांपुढे यायला २०१८ उजाडले. भविष्य दिसले की माणूस शहाणा होतो, या गृहीतावर ज्यांची अध्यासने उभी आहेत त्यांनी या तीन सालांचा अर्थ सांगावा. आम्हाला लागलेला अर्थ असा: १९७३ च्या भविष्याने मालकाचा नफा वाचत होता, १९८८ च्या भविष्याने तो जात होता. कोणते भविष्य फळ्यावर लिहायचे हे मालक ठरवतो.

महामारीचेही तेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्यसुरक्षेचा एक निर्देशांक वाजतगाजत प्रसिद्ध झाला. साथ आली तर कोणता देश किती सज्ज, याची १९५ देशांची क्रमवारी. पहिला नंबर अमेरिकेचा, दुसरा ब्रिटनचा! पुढच्या तीन-चार महिन्यांत परीक्षा झाली आणि पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्याने पुढे दहा लाखांहून अधिक माणसे गमावली.

आमच्या देशाचा ‘२०२०’ हा तर मंत्रच होता. १९९६ मध्ये ‘टायफॅक’ या सरकारी संस्थेचे तंत्रज्ञान आराखडे आले, १९९८ मध्ये डॉ. कलाम आणि वाय. एस. राजन यांचे पुस्तक, २००२ मध्ये नियोजन आयोगाचा अहवाल. डॉ. कलामांच्या निष्ठेबद्दल आम्ही शंका घेणार नाही. त्या माणसाने स्वप्न विकले नाही, वाटले. पण नंतर? शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धांत एक पिढी २०२० म्हणून म्हणून मोठी झाली. आणि ते वर्ष आले तेव्हा, ८ मेच्या पहाटे, जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले असताना करमाडजवळ थकून तिथेच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर भाकऱ्या पसरलेल्या होत्या. महासत्तेच्या मुक्कामाला आपण असे पोहोचलो. त्या वर्षअखेरीस एका तरी विद्यापीठाने, एका तरी मंत्रालयाने तो वीस वर्षांपूर्वीचा आराखडा बाहेर काढून ओळीने तपासला का? जे लिहिले त्यातले काय झाले, काय नाही, आणि घरी चालत निघालेला मजूर त्यात कोणत्या पानावर होता? नियोजन आयोग तोवर बरखास्त झाला होता. जाब द्यायचा कोणी, हा प्रश्नच मिटला!

मग काय, २०२० चे तोरण उतरवून २०४७ चे चढवले. या राज्यात तर साले सरकवण्याची कला आम्ही डोळ्यांदेखत पाहिली. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’च्या मांडवात २०२५ पर्यंत एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था जाहीर झाली. २०२५ आले तेव्हा राज्य त्या आकड्याच्या निम्म्याच्या थोडेसे पुढे होते. कोणी राजीनामा दिला? कोणी दिलगिरी व्यक्त केली? मुक्काम हुकला की मैलाचा दगडच उचलून पुढे नेऊन रोवायचा. आता २०४७ ला पाच ट्रिलियन!

अशाच एका २०४७ च्या कार्यशाळेला जाण्याचा योग आम्हाला आला. यजमान कोण ते सांगत नाही. नाव महत्त्वाचे नाही, सगळीकडे तेच चालते. रंगीत चिकटचिठ्ठ्या, काचेची भिंत, हातात माइक घेतलेला तिशीतला सूत्रधार. “डोळे मिटा. तुम्ही २०४७ मध्ये जागे झाला आहात. सकाळ कशी आहे?” लोकांचा सहभाग दिसावा म्हणून लातूरकडचे एक शेतकरी आणून बसवले होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. हात वर करून विचारले, “साहेब, येत्या दसऱ्याला सोयाबीनचं काय होईल, एवढं सांगता का?” सूत्रधार गोड हसला. “काका, आपला टाइम होरायझन तो नाही.” सभागृहात हशा पिकला. काकांनी चिठ्ठी चिकटवली नाही, जेवण मात्र नीट केले, आणि जाताना आम्हाला म्हणाले, “यांना पुढच्या सालचं ईना, अन् सत्तेचाळीसचं ईतंय व्हय?” एवढ्या थोडक्यात या शास्त्राचे परीक्षण आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही.

याचा अर्थ भविष्याचा अभ्यास बंद करा असा कोणी काढला तर तो आमच्या लेखाचा शत्रू. उलट, पोटतिडीक आहे ती याचसाठी, की ज्या विद्येची या राज्याला सर्वांत जास्त गरज आहे तिचेच असे मातेरे झाले. या देशात ती दुसऱ्या वाटेनेही चालली होती. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९७४ साली भविष्यावर पुस्तक लिहिले ते कोणत्या कंपनीच्या पैशाने नव्हे आणि कोणत्या कंपनीसाठीही नव्हे. उद्याची जागतिक व्यवस्था गरीब देशांच्या बाजूने कशी दिसते हे त्यांना मांडायचे होते. आशिष नंदींनी ती वाट पुढे नेली. झियाउद्दीन सरदारांनी १९९३ मध्ये या क्षेत्राच्या मुख्य नियतकालिकातच लिहून टाकले की पाश्चात्त्यांनी भूगोल जिंकून झाल्यावर आता उद्याची वसाहत करायला घेतली आहे. जर्मनीत जन्मलेल्या रॉबर्ट युंकने तर भविष्य तज्ज्ञांच्या हातून काढून मोहल्ल्यातल्या नागरिकांच्या हाती द्यायच्या कार्यशाळा काढल्या. त्याच कार्यशाळेची आज चिकटचिठ्ठी झाली!

आणि घरातले उदाहरण हवे तर माधव गाडगीळ. पश्चिम घाटावरचा त्यांच्या समितीचा २०११ चा अहवाल याहून खरे फोरसाइट कोणते? कोणता डोंगर पोखरू नका, कुठे खाण नको, निर्णय ग्रामसभेला विचारून घ्या. सरकारने तो दडपला; माहिती आयोगाने आणि न्यायालयाने कान पिळल्यावर २०१२ मध्ये तो लोकांना दिसला. मग घाबरून दुसरी समिती नेमून तो पातळ केला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, दीडशे माणसे गाडली गेली. २०२१ मध्ये तळिये. २०२३ मध्ये इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी मंत्री चिखलात उभे राहून म्हणाले, हे अनपेक्षित होते.

परवा एक तरुणी आमच्या कचेरीत आली. अर्थशास्त्रात एम.ए., पहिला वर्ग. भविष्याभ्यासात संशोधन करायचे आहे, इथे कुठे करू, असा तिचा साधा प्रश्न. आम्ही काय सांगणार? केरळ विद्यापीठाने १९९० मध्येच या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. छत्रपतींचे, फुल्यांचे नाव लावणाऱ्या आमच्या विद्यापीठांना साडेतीन दशकांत ते सुचले नाही. ‘नेट’ परीक्षेच्या यादीत संस्कृतच्या पारंपरिक विषयांखाली ज्योतिष आहे, भविष्याभ्यास नाही. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे विभाग उघडायला निघून देशभर वाद ओढवून घेतला, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरकत घेतली नाही आणि २०२१ पासून इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात ज्योतिषाची एम.ए. मिळते. म्हणजे या पोरीला शनीच्या साडेसातीवर पदव्युत्तर पदवी मिळेल, पण मराठवाड्यातल्या २०४० च्या भूजलावर प्रबंध लिहायचा तर तिला भूगोल, अर्थशास्त्र आणि अभियांत्रिकी या तीन विभागांच्या दारांत जोडे झिजवावे लागतील आणि शेवटी एखाद्या सल्लागार कंपनीत स्लाइड रंगवायची नोकरी धरावी लागेल. कुलगुरू महाशय, तुमच्या दीक्षान्त भाषणांत ‘भविष्याभिमुख’ हा शब्द किती वेळा येतो ते आम्ही मोजणे सोडून दिले आहे. एक पद काढा! एक!

सरकारला आमचे सांगणे लांबलचक नाही. फिनलंडने १९९३ साली, मंदीने देश कोलमडलेला असताना, संसदेत भविष्य समिती बसवली. तिथल्या प्रत्येक सरकारला आपल्या कारकिर्दीत भविष्याचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो आणि खासदार त्याची चिरफाड करतात. आमच्या विधिमंडळात लक्षवेधीला वेळ पुरत नाही, हे ठाऊक आहे. तरी वर्षातून एक दिवस काढा. त्या दिवशी जुना आराखडा सभागृहात वाचा. ‘व्हिजन मुंबई’ वाचा, ब्रिमस्टोवॅड वाचा, २०२५ चा ट्रिलियन वाचा. पुढच्या प्रत्येक आराखड्यावर लिहिणाऱ्यांची नावे आणि घेतलेली फी छापा, आणि प्रत्येक दाव्यापुढे तो खरा ठरण्याची शक्यता टक्क्यांत लिहून घ्या, मोघम नको. दर पाच वर्षांनी ज्यांचे दावे फसले त्यांना बोलावून कारण विचारा. ज्यांनी प्रामाणिक कारण दिले त्यांना पुन्हा काम द्या, ज्यांनी साल पुढे सरकवले त्यांना दारातूनच परत पाठवा. कॅग पै-पैचे हिशेब तपासते. आश्वासनांचे कोण तपासणार?

आणि भविष्यपंडितहो, तुमच्यासाठी आम्ही आमची जागा देतो. पुढच्या रविवारपासून या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट रिकामी राहील. तिच्यात तुमचे नाव, हुद्दा आणि महाराष्ट्राविषयी एकच विधान: अमुक तारखेपर्यंत अमुक होईल, शक्यता इतके टक्के. मुदत तीन वर्षांच्या आतली. त्या तारखेला तेच विधान त्याच टायपात निकालासह पुन्हा छापले जाईल. खरे ठरले तर मथळा तुमचा. लातूरच्या काकांना आम्ही पत्र घातले आहे, त्यांचे सोयाबीनचे विधान टपालाने येते आहे. तुमचा मजकूर शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कचेरीत पोहोचावा. चार शक्यता पाठवू नयेत, जागा एकाचीच आहे.